मशीन चावतं

कपडे धुण्याचं मशीन चावतं, अशी तिची तक्रार होती. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून झाकण उघडलं की बोटांना मुंग्या येत. नवरा जन्मभर गॅरेजात मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यापासून घरातला एक स्क्रूही तो दुसऱ्या कुणाला फिरवू देत नसे. त्याने येऊन मशीनच्या पत्र्यावर तळहात थापटला.

“कुठे काय चावतंय?”

“अहो, तुमच्या पायात रबरी चपला आहेत.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

तिने नाद सोडला. कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून, दुमडलेल्या फडक्याने झाकण उघडायची सवय तिने लावून घेतली. वायरमनला बोलवायचं नाव काढलं की नवरा तोंड फुगवून बसे.

एका सकाळी मशीन करकरायला लागलं. पट्टा सैल झाला असणार, म्हणून त्याने मागचा पत्रा काढला. मशीनचं बटण बंद केलं, पण भिंतीतला प्लग तसाच राहू दिला. साबणाच्या पाण्याने पाय सरकत होते, म्हणून चपला न्हाणीघराच्या दाराबाहेर काढून ठेवल्या.

ती भाजी चिरत होती. पाना पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. एरवी हातातून पाना सुटला तर तो चार शिव्या तरी हासडायचा. ती दारात आली. तो उकिडवा बसला होता, उजवा हात मशीनच्या आत, दात घट्ट आवळलेले. डोळे उघडे होते आणि तिच्याकडे बघत होते.

त्याला धरायला तिचा हात पुढे गेला. तो तिने मागे घेतला. लग्नाआधी ती पॅकिंगच्या कारखान्यात होती. माणूस चिकटला तर आधी वीज तोडायची, मग माणसाला हात लावायचा, हे तिथे घोकून घेतलं होतं. ती पाठ फिरवून धावली. मेन स्विच पुढच्या खोलीच्या दाराच्या वर, भिंतीवर उंच होता. स्टूल शोधायला सवड नव्हती. तिने प्लास्टिकच्या दांड्याचा झाडू उलटा धरला आणि खटका खाली पाडला. पंखा मंदावला. आतून धप्पकन आवाज आला.

तो फरशीवर आडवा झाला होता, पण श्वास चालू होता. तिने शेजारणीला हाक मारली. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात तळहाताचा भाजलेला भाग बांधला, हृदयाचा आलेख काढला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

मुलगा भेटायला आला तेव्हा बापाने गाऱ्हाणं मांडलं. “मी मरत होतो आणि तुझी आई चक्क निघून गेली.”

“धरलं असतं तर दोघंही गेलो असतो,” ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

मुलाने वायरमनला बोलावलं. मशीनच्या आतली एक वायर घासून उघडी पडली होती. मूळचा मोठा प्लग भिंतीतल्या बोर्डात बसत नाही म्हणून तोही कधीतरी बदललेला होता आणि नव्या दोन पिनांच्या प्लगात अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती.

“हे कुणी केलं?” वायरमनने विचारलं.

“आमच्या घरच्याच कारागिराने,” ती म्हणाली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

वायरमनने घासलेली वायर बदलली, तीन पिनांचा प्लग आणि त्याला जुळणारा बोर्ड बसवून अर्थिंगची वायर जोडली, घराचं अर्थिंग तपासलं. मेन स्विचशेजारी, करंट गळला की आपोआप पडणारा खटका लावला आणि तो पाडूनही दाखवला. “उघडायचं असेल तर आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही,” एवढं सांगून तो गेला.

दुपारी घरात दोघंच उरली.

“तू पाठ फिरवलीस ते मला दिसत होतं,” तो म्हणाला. “ओरडता येत नव्हतं.”

“माहीत आहे. तुम्ही बघत होतात.”

“मला वाटलं, घाबरून पळालीस.”

“घाबरले होतेच की. खटका पाडल्यावर आत यायला पाय उचलेना. काय दिसेल कोण जाणे, असं झालं होतं.”

हे तिने मुलालाही सांगितलं नव्हतं. बोलताना तिने पदर डोळ्यांना लावला. तो बांधलेला हात मांडीवर ठेवून तिच्याजवळ सरकून बसला.

थोड्या वेळाने ती डोळे पुसून उठली. वायरमन गेल्यावर धुतलेले ओले कपडे बादलीत तसेच होते. ती वाळत घालायला लागली, आणि तो डाव्या हाताने एकेक चिमटा पुढे करत राहिला.