भुरीबाईच्या पुस्तकाचा विषय

आपल्या आईचं पुस्तक संगणकात चढवायला रीता आडेनं मुद्दाम शनिवारची दुपार निवडली. त्या वेळी मानोऱ्याच्या ज्ञानपोई वाचनालयात पेपर वाचणारी म्हातारी मंडळीसुद्धा जेवायला गेलेली असतात. ग्रंथपाल बाई एकटीच हसत बसली आहे, हे बघायला कोणी नसतं. तिनं लेखिकेचं नाव टाकलं, भुरीबाई आडे. पानं टाकली, एकशे बारा. विषयाच्या चौकटीत 'बंजारा भरतकाम' असं टाइप केलं आणि बटण दाबलं. संगणकानं तिचे शब्द पुसले आणि आपले घातले: 'गुन्हेगार जमाती – हस्तकला'.

तिला वाटलं आपलंच काही चुकलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. मग समाजाची दुसरी नावं, 'लमाण' घालून पाहिलं, 'गोरमाटी' घालून पाहिलं. काहीही घाला, गाडी येऊन त्याच फाट्यावर थांबे. शेवटी तिनं मूळ विषययादी उघडली. तिथं एक ओळ होती: 'बंजारा : पाहा – गुन्हेगार जमाती.'

हे 'पाहा' कोणाचं, ते तिला लगेच कळलं. पुंजाजी गुरुजींचं. पस्तीस वर्षं या वाचनालयाची कार्डं गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती, कुठल्याशा जुन्या छापील यादीवरून विषय उतरवून. रीता सातवीत असताना तांड्यावरून पायी आली, तेव्हा तिच्या हातात पहिलं पुस्तक देणारे हेच गुरुजी. तिला बसायला स्वतःची खुर्ची देणारेही हेच. त्याच माणसानं तिच्या सगळ्या गोताला एका ओळीत चोर ठरवून ठेवलं होतं, आणि बहुतेक त्याला ते जाणवलंही नसेल. आता गुरुजी राहिले नव्हते. भांडायचं तरी कोणाशी?

बरं, गोष्ट एका लाकडी ड्रॉवरापुरती असती तर तिनं कार्ड बदलून टाकलं असतं. पण वाशीमच्या सूची-कक्षानं जिल्ह्यातल्या बावीस वाचनालयांच्या याद्या एकत्र करायला घेतल्या होत्या, आणि सगळ्यांत नीटनेटकी म्हणून नमुन्याला नेमकी गुरुजींचीच यादी उचलली होती. म्हणजे मानोऱ्याची चूक आता जिल्ह्याचा नियम झाली होती. एक मे रोजी वाचनालयात मोठा पडदा लागणार, वाचकांसाठी सूची खुली होणार, आणि पहिलं पुस्तक शोधायचा मान भुरीबाईचा, असं अध्यक्ष जानरावांनीच जाहीर करून टाकलं होतं.

भुरीबाईला अक्षर ओळखू येत नाही. पण चौदा टाक्यांची नावं, कुठला टाका कांचळीवर, म्हणजे चोळीवर, येतो, कुठला लग्नातल्या पिशवीवर, कवडी कुठं बसते आणि काच कुठं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तीन पावसाळे ती सांगत गेली आणि रीता लिहीत गेली, तेव्हा ते पुस्तक झालं. डिसेंबर लागला होता. अर्धा तांडा ऊसतोडीला गेला होता, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला भुरीबाईनं बजावलं होतं की कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की सरळ घरी या, मेच्या पहिल्या तारखेला मानोऱ्याला जायचं आहे. आता एवढ्या माणसांसमोर पडद्यावर हे दाखवायचं?

रीता आधी जानरावांकडे गेली. जानराव मोठे शेतकरी, माणूस मनानं मोकळा, पण गुरुजींचं नाव निघालं की हात जोडणारा.

"गुरुजीनं लिहेल आहे ते," ते म्हणाले. "त्याइच्या अक्षरावर आपुन काहून काट माराची? अन् तुह्या आईचं पुस्तक आहे म्हनून तुले लागून राह्यलं, पोरी. दुसऱ्याचं असतं तं?"

हे तिला झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. दोन वर्षं ती याच वाचनालयात कामाला होती आणि ते ड्रॉवर तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. मग ती हट्टाला पेटली. महिनाभर बसून तिनं सगळी सूची पिंजून काढली. तांड्यांबद्दलची, पारध्यांबद्दलची, कैकाड्यांबद्दलची मिळून त्रेसष्ट पुस्तकं त्या एका मथळ्याखाली कोंबलेली निघाली. शिवाय दिव्यांगांवरची पुस्तकं 'लुळेपांगळे' मध्ये, मनाच्या आजारांवरची 'वेडेपणा' मध्ये. एकाच समाजाची नावं पाच तऱ्हांनी लिहिलेली, त्यामुळे एक शोधावं तर बाकीची चार सापडू नयेत. तिनं दोन रकान्यांचा तक्ता केला: आहे ते डावीकडे, हवं ते उजवीकडे, आणि प्रत्येक पुस्तकापुढं त्याचा दाखल क्रमांक. जानरावांनी तो तक्ता पानं उलटून दोनदा पाहिला. मग सही केली.

सही मिळाली म्हणजे काम झालं, असं समजण्याइतकी ती अजून भोळी होती.

वाशीमला सूची-कक्षात विषययादी सांभाळायला हरीओम नावाचा गृहस्थ होता. वागायला गोड, कामाला दगड. पहिल्या खेपेला त्यानं सांगितलं की यादीला कुलूप आहे, तीन प्रतींत अर्ज लागेल. दुसऱ्या खेपेला तीन प्रती पाहून म्हणाला, हा शब्द अपमानकारक आहे याला पुरावा काय जोडलाय? कोणी तुम्हाला गुन्हेगार म्हटलं तर तुम्ही पुरावा मागाल का, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि पुढच्या वेळी सरकारी यादीची छापील प्रत जोडली, तिच्यात बंजारा समाज 'विमुक्त जाती' मध्ये नोंदलेला आहे. तिसऱ्या खेपेला त्यानं ती प्रत बाजूला ठेवली आणि नवाच नियम काढला.

"मॅडम, तुमी तं कर्मचारी आहा. तक्रार वाचकाची पाह्यजे."

वाचकांना सूची एक मेपर्यंत दिसणारच नव्हती. जे दिसत नाही त्याची तक्रार वाचकानं करायची, आणि जिला दिसतं तिनं करायची नाही. हे तिनं त्याला दोन वेळा समजावून सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली आणि नियम तोच आहे म्हणाला. परतीच्या एसटीत मंगरूळपीर येईपर्यंत ती मनातल्या मनात त्याला शिव्या देत होती, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोरमाटीत होत्या, कारण मराठीत तेवढ्या जोरकस तिला येत नव्हत्या.

तांड्यावरच्या लखमा गुरुजींना, म्हणजे एका निवृत्त शिक्षकांना, तिनं वाचक म्हणून अर्ज द्यायला लावला. त्यांनी चार पानं लिहिली. ती पानं फेब्रुवारीत गेली, मार्चमध्ये 'योग्य मार्गाने पाठवावी' म्हणून परत आली, योग्य मार्गाने पुन्हा गेली. आईला यातलं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. भुरीबाई रोज संध्याकाळी विचारायची, माझं पुस्तक नीट बसलं का त्या मशिनीत? रीता म्हणायची, बसतंय, याडी. आईशी असं खोटं बोलताना तिचा जीव तुटायचा.

आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. 'आपल्या सूचनेनुसार संपूर्ण सूचीत आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे.' रीतानं ते पत्र तीनदा वाचलं. धावत संगणकापाशी गेली, आईची नोंद उघडली. 'विमुक्त जमाती – हस्तकला'. तिनं मागितलं होतं 'बंजारा भरतकाम'. उजवा रकाना कोणी वाचलाच नव्हता, उघड होतं. पण गुन्हेगार हा शब्द गेला होता. पाच महिन्यांनी एवढं तरी पदरात पडलं, म्हणून ती समाधान मानून घरी गेली, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

एक मेला तांड्यावरून दोन जीपगाड्या भरून माणसं आली. ऊसतोडीहून परतलेले, उन्हानं काळवंडलेले. भुरीबाईनं फेटिया-कांचळीचा ठेवणीतला जोड घातला होता, हलली की काचा लखलखत. झेंडावंदन झालं, भाषणं झाली. मग जानरावांनी तिला आदरानं पडद्यापाशी नेलं. तिचं बोट धरून रीतानं नावाची अक्षरं दाबली. भुरीबाईचं पुस्तक पडद्यावर आलं, मुखपृष्ठावर तिनंच भरलेली कांचळी. टाळ्या पडल्या. भुरीबाई पडद्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. पाच महिन्यांचा सगळा शीण रीता त्या घडीला विसरली.

जानरावांना मात्र तेवढ्यानं भागेना. त्यांना आपल्या सहीचं फळ सगळ्यांना दाखवायचं होतं. "तुमच्या समाजाची सारी पुस्तकं पाहा आता," असं तांड्याच्या मंडळींना सांगून त्यांनी स्वतःच 'विमुक्त जमाती' वर बोट ठेवलं.

पडदा मुखपृष्ठांनी भरला. भुरीबाईच्या पुस्तकाच्या डाव्या बाजूला पिस्तूल रोखलेला माणूस. उजव्या बाजूला बेड्या. खाली तोंडाला फडकं बांधलेला दरोडेखोर, रक्तानं माखलेला सुरा, तुरुंगाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक, खिसेकापूंपासून सावध कसं राहावं ते सांगणारी पुस्तिका. वाचनालयातली झाडून सगळी रहस्यकथांची रांग तिथं येऊन बसली होती.

काय झालं ते रीताला पाहताक्षणी समजलं. हरीओमनं त्रेसष्ट नोंदी एकेक करून बदलल्याच नव्हत्या. त्यानं संगणकाला हुकूम दिला होता की जिथं जिथं मुख्य विषयात 'गुन्हेगार' असेल तिथं तो अख्खा मुख्य विषय काढून 'विमुक्त जमाती' घाल, आणि तो चहा प्यायला गेला होता. आधी तांड्याला नेऊन चोरांत बसवलं होतं. आता जिल्ह्यातले सगळे चोर उचलून तांड्यात आणून बसवले होते.

भुरीबाईला अक्षर येत नव्हतं, पण चित्र वाचायला अक्षर लागत नाही. घरी ती गोरमाटी बोलायची, पण हे सगळ्यांना कळावं म्हणून ती वऱ्हाडीत बोलली.

"माहं पुस्तक या चोरायच्या मधात काहून बसवलं?"

जानरावांचा चेहरा उतरला. मशिनीची चूक आहे, आई, लगेच दुरुस्त करतो, असं म्हणत त्यांनी हरीओमला फोन लावला. त्याचं उत्तर सगळ्यांनाच ऐकू आलं. आज सुट्टी आहे. आणि दुरुस्ती तर आताच झाली, आता पुढची सहा महिन्यांनी. नव्यानं अर्ज द्या, तीन प्रतींत.

"माहा आजा निजामाच्या हद्दीत राहे," भुरीबाई जानरावांना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "गाव सोडाचं तं पयले ठान्यात जाऊन अंगठा द्या. चोरायच्या यादीतून नाव कटन, नाव कटन म्हनून त्याले बी असंच सांगत. नाव कटेलोक तो मेला."

मग ती रीताकडे वळली. "तुले मालूम होतं?"

रीता खाली बघून हो म्हणाली. मी पाच महिने भांडत होते, हे तिला सांगायचं होतं. तो दोन रकान्यांचा तक्ता, त्या एसटीच्या खेपा, लखमा गुरुजींची चार पानं, सगळं सांगायचं होतं. यातलं काही पडद्यावर दिसत नव्हतं आणि त्याचा काही उपयोगही झाला नव्हता. तिला रडू आवरेना.

"याच्यातून काढता येते का माहं पुस्तक?" भुरीबाईनं विचारलं.

येत होतं. ग्रंथपालाला नोंद बदलायचा हक्क नव्हता, पण समूळ काढून टाकायचा होता. कोणा शहाण्यानं हा उरफाटा कारभार ठरवला होता कोण जाणे. रीतानं आईला समजावून सांगितलं की काढलं तर ते कोणालाच सापडणार नाही, कुठल्याच गावात, नाव घालून शोधलं तरीही. जणू हे पुस्तक कधी झालंच नाही. जानरावही म्हणाले, सहा महिने कळ काढा, मी स्वतः वाशीमला जाऊन बसतो.

"चुकेल टाक्यावर दुसरा टाका मारला तं खालचा दिसतेच," भुरीबाई म्हणाली. "उसवा लागते. काढ."

रीतानं आपला परवलीचा शब्द घातला. नोंद कायमची काढायची का, असं पडद्यावर आलं. तिनं आईकडे पाहिलं, आणि हो वर बोट ठेवलं. पिस्तूलवाला माणूस आणि बेड्या एकमेकांशेजारी सरकल्या, मधली कांचळी गेली.

अर्ज नाही, पुरावा नाही, तीन प्रती नाहीत. पाच महिन्यांत त्या यंत्रानं रीताचं ऐकलेलं हे पहिलं काम, आणि त्याला दोन सेकंदही लागले नाहीत.