टाळ सावरेपर्यंत

अकरा वर्षं सात नंबरची लेथ चालवल्यावर रत्नमालाबाईंना शनिवारी कळलं, की मंगळवारपासून आपल्याला पॅकिंगला बसायचंय. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात यंत्रांच्या दांड्यांभोवती बसणारे पितळी बुश बनत. महिन्याच्या रिपोर्टात सात नंबरचे नापास नग सगळ्यांत जास्त निघाले होते. मशीन तपासलं, त्यात काही सापडलं नाही. मग उरला तो बाईंचा हात.

आणि रिपोर्ट केला होता तनुजानं. सहा महिन्यांपूर्वी तिथंच कॉम्प्युटरवर लागलेल्या त्यांच्या पोटच्या पोरीनं.

"असं करतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं आई."

"आकडे खरे हायेत ना?"

"खरे आहेत."

"मग झालं. माझ्यासाठी आकडा फिरवलास, तर तोंड दाखवू नको." असं म्हणाल्या खऱ्या, पण भाकरी थापता थापता त्यांचा हात दोनदा थांबला.

रविवारी पाचोडला सप्त्याची सांगता होती. काल्याचं कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, ते एका नोकरीपायी काय चुकवणार? मायलेकी बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसल्या. बुवा एक चरण गाऊन थांबायचे, गोपाळांच्या शिदोरीची गंमत सांगायचे, मांडव हसायचा, आणि हात वर करून पुन्हा चाल धरायचे.

"ऐक," रत्नमालाबाई लेकीच्या कानाशी म्हणाल्या. "थांबून उठले ना, की पयले दोन-तीन फेरे टाळ सैल पडतात. मग सगळे मिळून येतात. लेथचं बी तसंच हाय. चहाहून येऊन चालू केली, की पयल्या नगांना तिनं अंग धरलेलं नसतंय. हाताला कळतं."

तनुजानं मान वळवली. "किती नगांना?"

"पाच-सहा. गप, बुवा बोलायलेत."

"पण चहाला मशीन बंद का करतेस?"

"कडुबा होता तवर तो उभा राहायचा. मागल्या महिन्यात रिटायर झाला. बाकीच्यांना बदली माणूस हाय, मला नाय."

"हे कुणाला सांगितलंस?"

"इचारलं कुणी?"

दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला, तरी तनुजाच्या तळहातावरचा काला तसाच होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन कँटीनमध्ये आली. स्क्रीनवर एकेका नगाच्या वेळेची ओळ, आणि नुसता गोंधळ. "नीट जुळत नाहीये. प्रत्येक नगाला त्याच्या मागच्या नगाची वेळ विचारली. मध्ये दहा मिनिटांहून जास्त गेली, की मशीन थांबलं होतं असं धरून मोजणी पुन्हा एकपासून. पण इथं तर एकही खंड दिसत नाही."

रत्नमालाबाईंनी ओळींवरून बोट फिरवलं. "हा नग माझा. ह्याच्या मागं हा तीन नंबरचा कशाला?"

तनुजानं कपाळाला हात लावला. मशीनवार वाटणी करायचीच राहिली होती.

"दोन गावांचे टाळकरी एका ओळीत उभे केलेस की गं," बाई म्हणाल्या आणि डब्यातली चटणी तिच्या पोळीवर ठेवली. "खा आधी."

कॉम्प्युटरला दिलेल्या सूचनेत मशीनवार वाटणीचे दोन-तीन शब्द वाढवल्यावर ओळी आपापल्या मशीनपाशी जाऊन बसल्या. नापास नग जवळपास सगळे पहिल्या सहांतले. सातचेच नव्हे, सगळ्यांचे. फक्त बाकीची मशीनं दिवसातून एकदा, सकाळी, सुरू होत; सात नंबर चार वेळा.

तीन वाजता नवा रिपोर्ट पाहून विश्वजीत साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. कारखाना त्यांच्याच हाती होता. "तुमच्या आईंचंच मशीन सुटतंय, तनुजा. लोक काय म्हणतील?"

तनुजानं रिपोर्टातल्या मशीनच्या नंबरांवर तळहात ठेवला. "नंबर झाकून, दर सुरुवातीमागं किती नग नापास तेवढं बघा, साहेब. आता सात कोणतं ते सांगा."

साहेबांनी बोट ठेवलं ती ओळ तीन नंबरची निघाली.

"पहिला रिपोर्टही माझाच होता. त्यात दर मशीनचे सगळे नग मी एका ओळीत दाबले. आकडा खरा होता, पण कुठला नग कशाच्या मागून आला ते पुसलं गेलं. आताच्या ह्या रीतीला विंडो फंक्शन म्हणतात. ह्यात प्रत्येक नग आपल्या जागी राहतो, आणि त्याला मागचापुढचा दिसतो."

"आणि थांबण्याचं कसं सुचलं?"

"रत्नमालाबाईंनी सांगितलं. सात नंबरच्या."

तनुजा 'आई' म्हणाली नाही. रत्नमालाबाईंनी पदर उगाच सारखा केला; अकरा वर्षांत त्या केबिनमध्ये त्यांचं नाव असं कुणी घेतलं नव्हतं.

साहेब उठून थेट लेथपाशी आले. मशीन वीस मिनिटं बंद ठेवून चालू करायला लावलं आणि नगाचं माप तपासायचा गेज स्वतः हातात घेतला. पहिल्या सहांतले पाच नापास. सातवा पास, आठवा पास, पुढचे दहाही पास.

मंगळवारी सकाळी रत्नमालाबाई पॅकिंगला गेल्या नाहीत. सात नंबरला बदली माणूस मिळाला, आणि फळ्यावर नवा नियम लागला: मशीन थांबून सुरू झालं, की आधी दहा मिनिटं रिकामं फिरवायचं. अख्खी रांग नग न लावता घुमत होती. रत्नमालाबाई लेथसमोर उभ्या राहून बोटांनी हलकेच ताल धरत होत्या.

"मावशी, मशीनला भजन शिकवता का?" शेजारच्या लेथवरून मेघानं विचारलं.

"अंग धरू दे तिला," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकीचा नियम हाय."

दहा मिनिटं झाली. त्यांनी पहिला नग लावला, उतरवला, गेजमध्ये सरकवला: पास. मग तो मेघाला दिसेल असा वर धरला.