बारक्याचे हात

"सर, तुमचे हात का थरथरतायत?"

पोलीस तरुण होता, गाडीच्या काचेशी वाकून उभा होता. हॉलिस गेन्सने दोन्ही हात स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवले होते. ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. काळ्या माणसाला ही सवय गाडी शिकतानाच लागते, आणि हॉलिसला गाडी त्याच्या बापाने शिकवली होती. रेडिओवर बेसबॉलचा सामना चालला होता.

"असेच थरथरतात," हॉलिस म्हणाला.

"काही घेतलंय का तुम्ही?"

"कॉफी."

"इथे कशासाठी बसलात?"

"सामना ऐकतोय. हे समोरचं घर माझंच आहे."

"मग घरात का नाही ऐकत?"

याचं उत्तर हॉलिसकडे होतं, पण ते पोलिसाला देण्यासारखं नव्हतं. बायको, व्हर्डेल, गेल्यापासून घरात रेडिओ लावला की आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून परत यायचा. गाडीत मात्र शेजारी कुणी बसून बोलतंय असं वाटायचं.

कोपऱ्यावर पर्सेलचं केशकर्तनालय होतं. तिथून माणसं बाहेर आली आणि फुटपाथवर हाताची घडी घालून उभी राहिली. एकाच्या गळ्याला कापड तसंच होतं, अर्ध्या गालावर फेस होता. वेस्ट ओकलंडच्या त्या गल्लीत पोलिसांनी कुणाला अडवलं की बाहेर येऊन उभं राहायचं, इतकंच करायचं असतं. बोलायचं काही नसतं. अडवलेल्या माणसाला कळतं की आपल्यावर आपल्यांचे डोळे आहेत. हॉलिस स्वतः असा कितीदा तरी दुसऱ्यांसाठी उभा राहिला होता. आज ते त्याच्यासाठी उभे होते, आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. कारण त्यांत बंदरावरचा त्याचा जुना जोडीदार डिलार्डही होता. डिलार्ड पोलिसाकडे बघतच नव्हता. तो हॉलिसच्या हातांकडे बघत होता.

पोलिसाने लायसन्स पाहून परत दिलं. "कुणीतरी फोन केला होता. अनोळखी माणूस गाडीत बसून घरांकडे बघतोय म्हणून," तो म्हणाला आणि गेला. माणसंही आत गेली.

मग पलीकडच्या घरातली नवी बाई लगबगीने आली. गोरी, तिशीची, पायांत घरातल्याच चपला.

"माफ करा हं. तुम्ही इथेच राहता हे मला खरंच माहीत नव्हतं."

"चाळीस वर्षं राहतोय."

"मी खिडकीतून बघत होते. किती घाबरला होतात तुम्ही! मला फार वाईट वाटलं."

फोन हॉलिसने माफ केला असता. त्याला बघून पर्स दुसऱ्या काखेत घेणाऱ्या बायका त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. संध्याकाळी पुढे कुणी एकटं चालत असलं तर तो आधीच खाकरायचा, नाहीतर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. साडेसहा फूट उंची, दारातून आडवं व्हावं लागेल असे खांदे. म्हणूनच गल्लीने त्याचं नाव बारक्या ठेवलं होतं. परके त्याला भ्यायचे आणि आपले त्याच्यावर भार टाकायचे. तुला कुठे दुखतंय का, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. पण बारक्या घाबरला असं म्हणणारं तोंड आजवर जन्मलं नव्हतं.

त्यात हे हात. बंदरावर तो क्रेन चालवायचा. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा लोखंडी कंटेनर जहाजावर ठेवायचा. ते बघायला खालची माणसं काम थांबवायची. वर्षापूर्वी त्याच हातांना थरथर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण जायचीही नाही. आधी त्याने पर्सेलकडे डॉमिनो खेळायला जाणं सोडलं. मग चर्चमधलं जेवण सोडलं, सूप सांडतं म्हणून. मग फोन वाजला तरी उचलेनासा झाला. एवढ्या मोठ्या माणसाने थरथरताना दिसू नये, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

"मी घाबरलो नव्हतो, बाई," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आधी मला हाक मारा. हॉलिस गेन्स. जरा मोठ्याने मारा, कानाने कमी ऐकू येतं."

ती ओशाळून गेली. तो घराच्या पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला. आता आत गेलो तर संपलंच. बारक्या एका कोवळ्या पोलिसापुढे लटपटला, हे उद्या सगळ्या गल्लीत पक्कं होणार. ते पुसायचं तर वर्षभर लपवलेलं उघडं करायचं. तो वळला आणि कोपऱ्याकडे चालू लागला.

दुकानात शिरताच पर्सेलचा वस्तरा हवेत राहिला.

"या, या, महाराज," डिलार्ड म्हणाला. तो डॉमिनोच्या टेबलाशी एकटाच बसला होता. "वाट चुकलास की काय?"

"डिलार्ड, तू माझे हात बघत होतास."

"बघत होतो."

"ती भीती नव्हती." हॉलिसने दोन्ही हात खिशातून काढले आणि सगळ्यांसमोर पुढे धरले. "हे असे झालेत. वर्ष झालं. कपसुद्धा धड धरवत नाही."

फेसवाल्या गिऱ्हाइकाने नजर खाली घातली. डिलार्ड मात्र रोखून बघत राहिला.

"आणि मी गाढव," तो म्हणाला, "सगळ्यांना सांगत सुटलो की तू रिचमंडला बाई ठेवलीस, म्हणून इकडे येत नाहीस!"

"काय?"

"याने तर तिचं नावही ठेवलं होतं," पर्सेल म्हणाला. "लुएला."

"स्वयंपाक चांगला करते म्हणे," फेसाआडून आवाज आला.

हॉलिस हसला. पोटातून हसला, खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग डिलार्डने समोरची खुर्ची पायाने ढकलली. "बस. लुएला सोडेल तेवढा वेळ."

डॉमिनोच्या सोंगट्या हॉलिसला एकेक करून, ठिपके आपल्याकडे ठेवून, उभ्या कराव्या लागल्या. शेवटची बोटांतून निसटली आणि टेबलावर उताणी पडली. दोन्ही टोकांना सहा-सहा ठिपके, दुहेरी सहा. सगळ्यांना दिसली.

"असू दे, परत उभी कर," पर्सेल हळूच म्हणाला. "आम्ही नाही बघितली."

"मी बघितली," डिलार्ड म्हणाला. "या टेबलावर पडली ती उघडी. ती तशीच राहणार."

पर्सेलने डोळे वटारले. "अरे, त्याचा हात..."

"त्याचा हात मला दिसतोय. नियम बदललाय का?"

हॉलिसने सोंगटी तशीच उताणी पुढे सरकवली. "डिलार्ड बरोबर बोलतोय," तो म्हणाला. वर्षभरात प्रथमच त्याची पाठ खुर्चीला सरळ टेकली.

डिलार्डने दयामाया दाखवली नाही. दुहेरी सहा लावायला पटावर सहाचं टोक लागतं; ते त्याने एकदाही उघडं राहू दिलं नाही. हॉलिस त्याला शिव्या घालत, थरथरत्या हाताने सोंगट्या टेबलावर आपटत राहिला. त्या वाकड्या पडायच्या आणि तो सावकाश सरळ करायचा. त्या कुणी त्याच्याऐवजी सरळ केल्या नाहीत. दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नसतो. शेवटी दुहेरी सहा त्याच्यापुढे तशीच उरली, आणि डिलार्डने आपली शेवटची सोंगटी अशी हाणली की खिडकीची काच वाजली.

"हरला तो पिसणार," डिलार्डने मागे टेकत फर्मावलं.

हॉलिसने सगळ्या सोंगट्या उपड्या केल्या आणि त्यांवर दोन्ही पंजे पसरले. हात थरथरत होते. त्यांच्याखाली सोंगट्या खडखडत, एकमेकींत मिसळत, टेबलभर फिरू लागल्या.

"बास की रे," डिलार्ड म्हणाला. "किती पिसशील?"

"गप बस," हॉलिस म्हणाला. "झालं की सांगेन."