हिवाळ्यात वीस तास

“कव्हर घालून देऊ का, काका?”

“घाल. जाड कागदाचं घाल. नाव दिसता कामा नये.”

हे बोलणं ऐकलं त्याला आता बारा वर्षं झाली, तरी ते माझ्या पानांत अजून घुमतं. मी एक जुनं, खिशात मावेल एवढं पुस्तक आहे. ‘सात चंद्रांच्या गावातलं टोफूचं दुकान’ या मालिकेचा चौथा भाग. तोक्योतला एक दमलेला कारकून दुसऱ्याच जगात जाऊन पडतो. तिथे तो ना राक्षस मारतो, ना राज्य जिंकतो. एका खडूस, बुटक्या म्हाताऱ्याच्या हाताखाली सोयाबीन भिजवायला, दळायला आणि टोफू थापायला शिकतो. एवढीच माझी गोष्ट. मित्रांनो, यात लपवण्यासारखं काय होतं? आमच्या जपानमध्ये पुस्तकाच्या दुकानात कव्हर सगळ्यांनाच घालून देतात; पण मागणाऱ्याचा आवाज असा चोरटा नसतो. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मला विकत घेणाऱ्याचं नाव इवाओ. तोकामाची या बर्फाळ गावात त्याचं टोफूचं दुकान. त्याने मला घरी नेलं ते थेट कोठारात, सोयाबीनच्या पोत्यामागे. तिथे माझे तिघे थोरले भाऊ आधीच दडून बसले होते, तशाच तपकिरी कागदात गुंडाळलेले. “हा आपल्याला जाळणार,” पहिला म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

पण दुपारी विक्री आटोपली की इवाओ रबरी एप्रन न सोडताच पोत्यावर बसायचा आणि मला उघडायचा. वाचताना ओठ हलायचे. मध्येच म्हणायचा, “हं! कार्टी!” कुणाला, ते कळेना. एकदा तर त्याने कानावरची पेन्सिल काढली. माझ्या बासष्टाव्या पानावर लिहिलं होतं, ‘थंडीत दाणे आठ तास भिजवले.’ त्याने ‘आठ’वर काट मारली, समासात ‘वीस’ लिहिलं, आणि पेन्सिल इतकी दाबली की मागच्या पानालाही वळ उठला. मग माझ्या पोटात ठेवलेलं, प्रकाशकाला पाठवायचं वाचकाचं कार्ड काढून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, माझी तक्रार चालली!

त्याची बायको सुमिए हिचाही संशय काही कमी नव्हता.

“अहो, कोठारात काय चालतं रोज?”

“उंदीर बघतो.”

“चष्मा लावून?”

“बारीक उंदीर आहेत.”

“म्हातारपणी चळलात की घोड्यांवर पैसे लावताय, एवढंच सांगा!”

दुसऱ्या दिवशी तो डिलिव्हरीला गेला आणि सुमिए पोत्यामागे हात घालून बसली. कव्हर सोलून तिने माझ्या मुखपृष्ठावरचं चित्र पाहिलं. बुटक्या म्हाताऱ्याच्या डोक्याला निळं फडकं होतं, भुवया झाडूसारख्या, हातात वाकड्या दांड्याची पळी. ती पळी तिच्याच भिंतीवर टांगलेली होती आणि त्या भुवया तिच्या नवऱ्याच्याच! ती हसली, मग डोळे पुसले. बासष्टाव्या पानावरचा ‘वीस’ तिने बोटाने चाचपला. मला जसंच्या तसं परत ठेवलं. फक्त खुणेची पट्टी दोन पानं मागे पडली. त्या दिवसापासून इवाओ तिच्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला आणि ती त्याच्याकडे. बोलत मात्र कुणीच नव्हतं. टोफू थापताना ती हळूच गुणगुणायची:

दाणा भिजे पाण्यात, त्याला वेळ लागे फार
बोल अडके घशात, त्याचा कोण घेई भार

हळूहळू मला उलगडत गेलं. या घरात चिनामी नावाची लेक होती. दुकान सोडून गोष्टी लिहायला ती तोक्योला निघाली, तेव्हा इवाओ तिच्या पाठीवर ओरडला होता, “खोट्या गोष्टींनी कुणाचं पोट भरत नाही!” तेव्हापासून सहा वर्षं बाप-लेक एक शब्द बोलले नव्हते. टोपणनाव घेऊन मला लिहिणारी तीच होती. आणि कुणी न सांगताही, पुस्तकाच्या दुकानात मुखपृष्ठावरच्या चित्रातली स्वतःची पळी बापाने ओळखली होती.

पुढच्या हिवाळ्यात पाचवा भाग आला आणि इवाओने तोही कोठारात बसून वाचून काढला. या वेळी सुमिएने तो कोठारातून उचलला, कव्हर काढून टाकलं आणि जेवणाच्या टेबलावर, मिसो सूपच्या वाटीशेजारी ठेवला. मलाही सोबत आणलं. इवाओच्या हातातल्या काड्या थांबल्या.

“उंदीर सापडला,” ती म्हणाली. “आता ऐका. शेवटी लेखिकेचं मनोगत आहे.” आणि तिने वाचलं, “‘तोकामाचीच्या टपाल-शिक्क्याचं एक निनावी कार्ड आलं. हिवाळ्यात सोयाबीन वीस तास भिजवतात, मी आठ लिहिले होते. टोफूवाल्याच्या पोरीने अशी चूक करावी! या भागात सुधारली आहे. गोष्ट कशी वाटली, ते मात्र त्या वाचकाने लिहिलं नाही.’”

इवाओने काड्या खाली ठेवल्या. “तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्या भागापासून. पोरीनेच सांगितलं. बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. तुम्हीही वाचताय हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं हो!”

मित्रांनो, आज माझी पानं पिवळी पडली आहेत, पाठीची शिवण उसवली आहे. कव्हर नाही, पण मी आता पोत्यामागेही नाही. पळीखालच्या फळीवर उजेडात आहे. पुस्तकाला जरूर जपा. पानं दुमडू नका, ओल्या हाताने धरू नका. पण ते आवडलं, तर लिहिणाऱ्याला एकदा सांगा. नुसत्या चुका कळवून थांबू नका. आम्हाला तोंड नसतं, तुम्हाला आहे.

तर त्या दिवशी, मनोगत वाचून झाल्यावर, सुमिएने लेकीला फोन लावला आणि नवऱ्याच्या कानाला टेकवला. पलीकडून “आई?” असं आलं. इवाओने घसा खाकरला. मी वाट बघत होतो, आता हा पुन्हा भिजवण्याचे तास सांगणार.

“आई नाही, मी आहे,” तो म्हणाला. “पाचही भाग वाचले. पोट भरलं गं, चिनामी. पोट भरलं.”