नाल्यावरून गेलेली लाइन

चरात रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, वासरू पडलंय, हे नलिनी देशकरला साइटवर पोचताच कळलं. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत ती सिव्हिल विभागात इंजिनियर होती, मूळची अमरावतीची. वसाहतीच्या टोकाला, अयोध्या नगरच्या बाजूला, नवे क्वार्टर्स झाले होते, पण तिथे अजून टँकरनेच पाणी येत होतं. तिथपर्यंत पंपहाउसपासून पाण्याची लाइन न्यायचं काम तिच्याकडे होतं. पाइप पुरायचा चर आदल्या संध्याकाळी उघडाच राहिला होता.

वासरू आत थरथरत उभं होतं. मजुरांनी दोर आणला होता.

"दोर नको, पाय मोडेल त्याचा," नलिनी म्हणाली. "या टोकाची माती आत ढकला. उतार करा आणि सगळे लांब व्हा."

माणसं दूर झाल्यावर वासरू धडपडत वर आलं आणि झुडपांकडे पळत सुटलं. त्याची आई तिथेच उभी होती.

"आजपासून जेवढा पाइप बसेल तेवढाच चर खणायचा," तिने ठेकेदार राजोरेंना सांगितलं. "उघडा ठेवावाच लागला, तर दोन्ही टोकांना असा उतार हवा."

"मॅडम, जानवर तो गिरते ही रहते हैं."

"आपल्या चरात नाही पडायची."

पुढे आणखी काय काय आड येणार आहे, ते बघायला ती खुणेच्या खुंट्यांच्या बाजूने चालत नाल्यापर्यंत गेली. एप्रिल संपत आला होता. नाल्यात पाण्याची बारीक धार होती, पण स्वच्छ. खालच्या वस्तीतल्या म्हशी त्याच पाण्यावर होत्या. पलीकडच्या मातीच्या उभ्या काठाला भोकंच भोकं होती. हिरवे वेडे राघू चोचीत किडे धरून त्यांत शिरत होते आणि रिकाम्या चोचीने बाहेर येत होते. आत पिल्लं होती. आणि खुंटी नेमकी त्या काठाच्या माथ्यावर ठोकलेली होती. दोन दिवसांत तिथे खोदाई सुरू होणार होती.

नलिनी नाल्याच्या कडेने वर चालत गेली. एका वळणावर पात्र अरुंद झालं होतं आणि दोन्ही बाजूंना काळा खडक उघडा होता. ती त्या खडकावर चढली, पाय आपटून पाहिला आणि तिथेच तिचं ठरलं.

दुपारी ती अच्युत साठेंच्या केबिनमध्ये गेली. साठे विभागाचे प्रमुख होते, पुण्याचे, बोलायला थोडे तुटक.

"साहेब, नाल्यापाशी लाइन सरकवायची आहे. खडकावर दोन खांब बांधू आणि पाइप वरून नेऊ. पात्रात खणायला नको, काठ फोडायला नको."

"पाखरांसाठी?"

"पाखरांसाठी, आणि लाइनसाठीसुद्धा. पात्रात पुरलेल्या पाइपवरची माती पुरात वाहून जाते. मग गळती कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. खांबांवरचा पाइप डोळ्यांसमोर राहील."

"उशीर किती?"

"दोन आठवडे. खांबांचं काँक्रीट पक्कं व्हायला हवं."

साठेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देशकरबाई, टँकरच्या रांगेतली माणसं माझ्या घरी येतात. दोन आठवडे उशीर का, ते त्यांना तुम्ही सांगायचं."

"सांगते. पण एक परवानगी द्या. नाल्याच्या अलीकडे, आजच्या चरापर्यंत, लाइन तयार आहे. टँकर पंपहाउसला न जाता तिथेच भरू दे. नाल्यावरच्या पुलावरून पाच मिनिटांत क्वार्टर्समध्ये पोचेल. आज दोन खेपा होतात, तिथे चार होतील."

साठेंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे आधी का नाही सुचलं कोणाला?" असं म्हणून त्यांनी गॅरेजला फोन लावला.

संध्याकाळी टँकरपाशी नलिनी स्वतःची बादली घेऊन उभी राहिली. तीही त्याच क्वार्टर्समध्ये राहायची. तिने बायकांना सगळं सरळ सांगितलं. शेजारच्या कमलकाकू भडकल्या.

"म्हणजे पाखरांची पिल्लं मोठी होईस्तोवर आम्ही बादल्या वाहायच्या? माझे गुडघे बघितलेस का?"

"बघितलेत काकू. म्हणून उद्यापासून टँकर चारदा येईल, आणि एकदा आपल्या ब्लॉकच्या दाराशी. नाही आला तर मला बोलवा, मी तुमची बादली वर नेईन."

"बोलवीनच," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टँकर चारदा आला, पण काकूंचा राग काही गेला नाही.

खडकापाशी काम सुरू झालं. खांबांच्या पायासाठी फोडलेला दगड आणि माती राजोरेंची माणसं नाल्याच्या काठालाच टाकू लागली, तेव्हा नलिनीने ती उचलून काठापासून लांब ढीग घालायला लावला, म्हणजे पावसात ती पाण्यात उतरणार नाही. बिट्टन मार्केटमधल्या भाजीवाल्यांकडून जुनी बारदानं मागवली, ती मातीने भरून ढिगाभोवती रचली. राजोरे कुरकुरले. चार दिवसांनी वळवाची जोरदार सर आली. पाऊस थांबताच नलिनी आणि राजोरे धावत नाल्यावर गेले. ढीग जागच्या जागी होता. बारदानांना चिखल लागला होता, पण खाली पाण्यात दगड स्पष्ट दिसत होते.

राजोरे उकिडवे बसले आणि ओंजळीत पाणी घेऊन बघू लागले. "चलो, ये तो मानना पड़ेगा," ते म्हणाले. त्यानंतर माती टाकण्याची जागा ते स्वतःच दाखवू लागले.

मेच्या शेवटी पाइप खांबांवर चढला. चाचणीच्या दिवशी साठे स्वतः आले. पंप सुरू झाला, दाबाचा काटा हवा तिथपर्यंत चढला आणि स्थिर राहिला. नलिनीने प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. सगळे कोरडे होते. नव्या क्वार्टर्समधले नळ त्याच संध्याकाळी वाहू लागले. कमलकाकूंनी एवढंच विचारलं, की वरच्या मजल्यावर प्रेशर कमी का येतंय. नलिनीने व्हॉल्व्ह थोडा उघडून दिला.

त्या दिवशी परतताना साठे काठापाशी थांबले होते. राघूंची पिल्लं आता भोकांच्या तोंडाशी येऊन बसत होती, एखादं तारेपर्यंत उडून परत यायचं.

"तळ्याच्या बाजूने विजेची नवी लाइन जाणार आहे," साठे म्हणाले. "खुंट्या अजून ठोकलेल्या नाहीत. ठोकण्याआधी तुम्ही आणि मी एकदा चालून येऊ."

"सोमवारी सकाळी निघू या, साहेब," नलिनी म्हणाली. "आणि बूट घालून या, तिकडे दलदल आहे."