रोझीचा पंखा

आमोसने बाभळीच्या बेचक्यात लाऊडस्पीकरचा कर्णा पुन्हा नीट बसवला, सुंभाने करकचून बांधला आणि खाली उतरून बायकोकडे पाहिलं. रोझी मंडपात बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. तिचा ताडाचा पंखा हलत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

नेवासे तालुक्यातल्या त्या गावी ख्रिस्ती मंडळींच्या उन्हाळी मेळ्याचा तिसरा दिवस होता. लाऊडस्पीकर भिंगारच्या आमोसचा. लढाईत तोफेशेजारी राहून त्याचे कान अर्धे गेले होते. बोललेलं ऐकू यायचं, पेटी ऐकू यायची, पण बारीक टोकदार आवाज त्याच्यापुरते संपले होते. नेमकी तिथेच पंचाईत. कर्ण्यातला आवाज फिरून माईकमध्ये शिरला की शिट्टी सुटते आणि माणसं कानांत बोटं घालतात. बटण वेळेवर मागे पिळलं तर निभावतं. आमोसला शिट्टीच ऐकू येत नसे. म्हणून ती सुरू होताच रोझी पंखा थांबवायची, तो बटण मागे घ्यायचा आणि पंखा पुन्हा हलू लागायचा.

ही गोष्ट त्या दोघांतच होती. पुढच्या मेळ्यांची सुपारी मेळा भरवणाऱ्या यशया मास्तरांच्या हातात. बहिऱ्याला लाऊडस्पीकर कोण सांगणार?

मास्तर घाईघाईने आले.

"रोझीबाई, गाणाऱ्या कृपाचा घसा बसलाय. गाणं तुम्ही म्हणा."

"मला न्हाई जमायचं, मास्तर."

"काल आडावर गात होतात. ऐकलंय मी."

रोझीने नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, काय करू?"

आमोस वायर गुंडाळत राहिला. लग्नाआधी ही बाई गावोगाव गायची, आणि आता वर्षभर त्याच्यासाठी पंखा धरून बसत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"गा की," तो म्हणाला. "मी आवाज कमी ठेवतो."

"आन् मागच्यांना?"

"बघू."

रोझीने पंखा शेजारच्या बनुबाईच्या हाती दिला आणि ती चौथऱ्यावर गेली.

माईक दोन होते, एक पेटीजवळ, एक तिच्यासमोर. आमोसने पेटीचा आवाज उतरवला, तिचाही बेताचाच ठेवला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून ओरड झाली.

"ऐकू येईना! वाढवा की!"

त्याने धागाभर बटण पुढे नेलं. मग आणखी धागाभर. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. मागे बैलगाड्यांपाशी उभी असलेली माणसं खाली बसली, बोलणं थांबलं. आवाज तिथवर पोचला होता. रोझीचा इतका मोकळा आवाज त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. राहवेना म्हणून त्याने बटण आणखी थोडं पिळलं.

बनुबाईचा पंखा थांबला.

म्हातारीचा हात दुखला असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिच्या शेजारणीचा पंखा थांबला. मग पदराने वारा घेणारीचा हात थांबला आणि हळूहळू सबंध रांगच थांबली. गाणारी समोर होती, पण बायका बघत होत्या त्याच्याकडे.

आमोसने बटण मागे घेतलं.

बनुबाईने मान हलवली. पंखे पुन्हा हलू लागले.

तीन दिवस या बायका रोझीला खेटून बसल्या होत्या. आपल्याला वाटलं कुणाला कळत नाही! आमोसला हसू आलं आणि रडूही. त्याने भीतभीत चौथऱ्याकडे पाहिलं. खुर्चीवर यशया मास्तर बसले होते. दुपारभर ते वहीने वारा घेत होते. आता वही हवेत तशीच धरलेली होती आणि नजर आमोसवर होती.

गाणं संपलं.

"रोझीबाई," मास्तर म्हणाले, "अजून एक होऊ द्या."

आणि ते पुन्हा वहीने वारा घेऊ लागले.