अर्धी प्रार्थना

गेलास्टिनला संध्याकाळच्या जपमाळेचा भारी कंटाळा. सहायमेरीशी लग्न करून तो कन्याकुमारीजवळच्या त्या कोळीवाड्यात घरजावई म्हणून आला आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं, की या घरात प्रार्थनेआधी ताट मिळत नाही. चुलीवर माशाचं कालवण रटरटतंय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि सासरे मायकेलअडिमै खुशाल गुडघे टेकून बसलेत! अर्धी प्रार्थना ते म्हणायचे, उरलेली अर्धी घरच्यांनी म्हणायची. मण्यामागून मणी. गेलास्टिनला डुलकी लागली, की सासऱ्यांचं कोपर बरगडीत बसायचं. "पुढे!"

"मामा, देवाला काय मी विसरलोय?" एकदा तो वैतागून सासऱ्यांना म्हणाला. "वादळ आलं की मारीन ना हाक!"

मामा वाळूत बसून जाळं शिवत होते. "मग हे भोकही समुद्रात गेल्यावरच शिवू या का, जावईबापू?"

सासूबाई फिसकन हसल्या. गेलास्टिन तणतणत चहाच्या टपरीवर निघून गेला. म्हातारा खडूस आहे, दुसरं काय!

आणि आज तोच म्हातारा त्याच्या हातातून निसटत होता.

पहाटे वारा फिरला तेव्हा होडीवर दोघंच होते. एका लाटेनं होडी पालथी घातली, इंजिन तळाला गेलं. त्या वेळी गेलास्टिनच्या तोंडून देवाचं नाव नाही, शिवी निघाली. मामांनी मात्र पालथ्या होडीवर चढून कडेचा दोर धरला आणि घरच्या ओसरीवर बसावं तशा आवाजात जपमाळ सुरू केली. पाऊस असा, की चार हातांपलीकडचं दिसेना. सकाळभर मामा म्हणत होते, गेलास्टिन उत्तर देत होता. थांबायची सोय नव्हती. झोप लागली तर मूठ सुटणार, आणि मूठ सुटली की संपलं.

दुपारी मामांचा आवाज खोल गेला. मग बंदच झाला.

"मामा! ओ मामा! झोपू नका!"

मामांनी पाहिलं, पण डोळ्यांत ओळख नव्हती. "दिवा लाव गं," ते कुणाला तरी म्हणाले आणि त्यांची बोटं दोरावरून सुटायला लागली. गेलास्टिननं झडप घालून मनगट धरलं. आता एक हात दोराला, एक मामांना. तिसरा हात काही देवानं दिलेला नाही. असं एकट्यानं किती वेळ धरणार? मामांनी स्वतः दोर धरायला हवा होता. त्यानं विनवलं, शिव्या दिल्या, सहायमेरीची शपथ घातली. मामांपर्यंत काहीच पोचेना.

शेवटी काही न सुचून तो ओरडला, "नमो मरिये..."

हा पहिला अर्धा भाग त्यानं सासरी कधी मोठ्यानं म्हटला नव्हता. तो अडखळला, मधले शब्द गाळले, पण शेवटापर्यंत गेला. आणि मामांचे ओठ हलले. "पवित्र मरिये, देवाच्या माते..." पुरतं उत्तर आलं, आणि बोटं दोराभोवती पुन्हा आवळली.

गेलास्टिनला हुंदका फुटला. हा माणूस आपल्या जावयाला विसरला, पण हे विसरला नाही! या जपात किती संध्याकाळी घालवल्या असतील यानं! आणि आपण टपरीवर विड्या फुंकत बसलो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडायलाही सवड नव्हती. तो थांबला की मामांची मूठ सैल पडत होती.

तेवढ्यात पावसाआड इंजिनाची घरघर ऐकू आली. कुणीतरी शोधायला निघालं होतं!

"वाचवा!" त्यानं हाक मारली. तेवढ्यात मामा घसरले, छातीपर्यंत पाण्यात गेले. कसंबसं त्यानं त्यांना वर ओढलं. घरघर लांब जाऊ लागली. हाका मारत बसावं तर मामा जातात, मामांना सांभाळावं तर शोधायला आलेली होडी जाते. देवा रे, आता काय करू!

घरघर एकदम बंद पडली. कानोसा घ्यायला इंजिन थांबवलं असावं.

गेलास्टिननं छाती भरून श्वास घेतला. "नमो मरिये, कृपापूर्णे!" घसा फाटला तरी त्यानं एकही शब्द गाळला नाही.

मामांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

उत्तर पावसातून आलं. "पवित्र मरिये, देवाच्या माते..." पाच-सहा राकट गळे एकदम! शेजारच्या गावचे कोळी होते ते. कोण हाक मारतंय हे कळायच्या आत तोंडाच्या सवयीनं उत्तर देऊन बसले होते. मग एकच गलका उठला, "अरे, आहेत! आहेत! इकडं वळवा!"

गेलास्टिन ढसाढसा रडायला लागला. प्रार्थना तिथंच राहिली.

त्याच्या बरगडीला काहीतरी टोचलं. मामांचं कोपर होतं.

"पुढे," डोळे न उघडता मामा पुटपुटले.